मंद पण टिकाऊ : एका पुरुषी सुगंधाची घडण

ताज्या लिंबाची साल दुमडून टीपकागदाच्या पट्टीवर पिळावी. सालीच्या ग्रंथींतील तेलाचे सूक्ष्म तुषार कागदावर उडतात आणि क्षणभर सारी खोली धुऊन काढल्यासारखी वाटते. दुसऱ्या पट्टीवर वाळ्याच्या अत्तराचा एक थेंब सोडावा. दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून दूर, उघड्या हवेत टांगून ठेवाव्या आणि अधूनमधून हुंगून पाहाव्या. काही तासांत लिंबाची पट्टी म्हणजे नुसता कागद उरतो. वाळ्याची पट्टी मात्र दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, कित्येकदा पुढच्या आठवड्यातही आपला मातकट, थंडावा देणारा वास सोडीत असते. ह्या प्रयोगास नाकाखेरीज दुसरे उपकरण लागत नाही. म्हणून तो कोणत्याही शाळेत करता येण्याजोगा आहे.

सुगंधकारांच्या धंद्यातील एक फार जुनी अडचण ह्या दोन कागदांवर दिसून येते. जे द्रव्य नाकाला ताजे, स्वच्छ व हलके वाटते ते उडून जाते. जे टिकते ते बहुधा जड असते. ज्याला आपला सुगंध चारचौघांत मिरवावयाचा नाही, परंतु सकाळच्या स्नानानंतरचा ताजेपणा दुपारपर्यंत जवळ असावा असे वाटते, त्याच्यासाठी सुगंध तयार करताना ही अडचण सर्वांत अधिक जाणवते. पुरुषांच्या सौम्य सुगंधाचा इतिहास हा बऱ्याच अंशी ह्या एका अडचणीचा इतिहास आहे. तिचे एक समाधानकारक उत्तर १९६६ साली फ्रान्समध्ये ‘ओ सोवाज’ ह्या सुगंधी पाण्याच्या रूपाने पुढे आले. ते कसे सापडले हे येथे सांगावयाचे आहे.

माथा, गाभा आणि तळ

वास येणे म्हणजे पदार्थाचे रेणू हवेत मिसळून नाकाच्या आतील वरच्या भागातल्या संवेदी पेशींना जाऊन भिडणे होय. लिंबाच्या तेलाचा प्रमुख घटक लिमोनीन हा आहे. त्याच्या रेणूत कार्बनाचे दहा अणू असून त्याचा रेणुभार १३६ आहे. वाळ्याच्या तेलातील महत्त्वाच्या घटकांत कार्बनाचे पंधरा अणू असतात व त्यांचा रेणुभार २२०च्या आसपास जातो. शिवाय त्यांतील पुष्कळांत ऑक्सिजनयुक्त गट असल्यामुळे हे रेणू एकमेकांना अधिक घट्ट धरून राहतात. लहान व सुटे रेणू घाईने हवेत निघून जातात. मोठे रेणू सावकाश निघतात.

इंग्लंडमधील सुगंधज्ञ विल्यम पाउचर यांनी ही गोष्ट आकड्यांत मांडली. सुगंधी द्रव्ये कागदाच्या पट्ट्यांवर घेऊन त्यांचा वास किती काळ टिकतो हे त्यांनी पाहिले, प्रत्येक द्रव्यास १ ते १०० यांपैकी एक अंक दिला व १९५५ साली ती यादी प्रसिद्ध केली. लिंबूवर्गीय तेले तिच्यात अगदी वरच्या टोकाला आहेत. चंदन, वाळा व पाचोळी यांना १०० हा अंक मिळालेला आहे. सुगंधकार आपल्या मिश्रणाचे जे तीन थर मानतात त्यांना येथे माथा, गाभा व तळ असे म्हणू. माथा प्रथम जाणवतो व लवकर विरतो. गाभा काही तास राहतो. तळ दिवस मावळल्यावरही कपड्यांत उरतो. अत्तराची कुपी उघडताच जो वास येतो तेवढ्यावरून खरेदी करणारा मनुष्य खरे म्हणजे केवळ माथा विकत घेत असतो.

कोलोनचे पाणी

पुरुषांच्या हलक्या सुगंधांचा मूळ पुरुष कोणता असे विचारल्यास जर्मनीतील कोलोन शहराच्या नावाने ओळखले जाणारे पाणी, असे उत्तर द्यावे लागेल. उत्तर इटलीतून तेथे गेलेल्या योहान मारिया फारिना ह्या सुगंधकाराचे ते काम. त्याच्या घराण्याची पेढी १७०९ साली स्थापन झाली. पावसानंतरच्या इटलीतील वसंत ऋतूतल्या सकाळीची आठवण देणारा सुगंध आपल्याला साधला आहे, अशा आशयाचे पत्र त्याने आपल्या भावाला लिहिले होते. बर्गमोट नावाचे कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर होणारे आंबट फळ, लिंबू, संत्रे, कडू संत्र्याची फुले, रोझमेरी व लॅव्हेंडर अशांची तेले शुद्ध मद्यार्कात विरघळवून असे पाणी बनवितात. त्यात तेलांचे प्रमाण साधारणतः शंभरास दोन ते पाच इतकेच असते. नेपोलियन हे पाणी सढळ हाताने वापरीत असे, आणि त्यास कारणही होते : अर्ध्या तासात ते नाहीसे होई.

ह्यावर उपाय म्हणून तळाची जड द्रव्ये मिसळण्याची रीत होती. कस्तुरी, अंबर, ओकच्या झाडावर वाढणारी ‘ओकमॉस’ ही दगडफुलाच्या जातीची वनस्पती (आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल तिचेच दूरचे नातलग होय) अशा द्रव्यांनी सुगंध धरून ठेवला जाई. आपल्याकडील कनौजच्या कारागिरांनी हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडविला. तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून ते तापवितात, वाफ नळीवाटे भपक्यात उतरते, आणि त्या भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल ठेवलेले असते. गुलाब किंवा केवडा चंदनाच्या अंगावर बसतो व त्याच्याच चालीने सावकाश चालू लागतो. ही युक्ती उत्तम आहे. मात्र अशा अत्तरास चंदनाचे अंग येते हे नाकारता येत नाही. आणि चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याची जागा खनिज तेलाने घेतली आहे, ही गोष्ट ग्राहकाने ध्यानात ठेवावी.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्र मदतीस आले. विल्यम पर्किन यांनी १८६८ साली कूमारीन हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. नुकत्याच कापून वाळत घातलेल्या गवताचा वास तो ह्याचा. १८८२ साली पॅरिसच्या ऊबिगाँ पेढीतील पॉल पार्के यांनी ‘फूझेर रॉयाल’ ह्या सुगंधात त्याचा उपयोग केला. ‘फूझेर’ म्हणजे नेचा. नेच्याला म्हणण्यासारखा वास नसतो, तेव्हा ही सर्वस्वी कल्पनेची निर्मिती होती. लॅव्हेंडर, कूमारीन व ओकमॉस यांच्या त्या जुळणीवर पुढे पुरुषांच्या असंख्य सुगंधांची घराणी उभी राहिली. दाढीच्या साबणापासून केसांच्या तेलापर्यंत ती आजही ओळखू येते. सुगंध टिकू लागला. परंतु लिंबाच्या सालीचा तो पहिला क्षण मात्र टिकत नव्हता. तो संपला की खाली गोडसर, उबदार तळ उघडा पडे.

काब्री गावचा सुगंधकार

एदमाँ रुदनित्स्का यांचा जन्म १९०५ साली फ्रान्समधील नीस येथे झाला. त्यांची पहिली मोठी कीर्ती ‘फाम’ ह्या सुगंधामुळे झाली. तो दुसऱ्या महायुद्धातील पॅरिसमध्ये जन्मला व १९४४ साली बाहेर आला. पिकलेल्या फळांचा आणि मसाल्यांचा भरदार वास असलेले ते अत्तर होते. युद्ध संपल्यावर त्यांनी सुगंधांची राजधानी समजल्या जाणाऱ्या ग्रास शहराजवळ, काब्री ह्या डोंगरावरील गावी आपली प्रयोगशाळा व बाग उभारली. तेथून पुढे त्यांच्या कामाची दिशा बदलली.

अत्तरे फार गोड झाली आहेत, मिठाईसारखी झाली आहेत, असे त्यांचे मत बनले. मिश्रणात घटकांची संख्या वाढविल्याने सुगंध श्रीमंत होत नाही, उलट गढूळ होतो, असे ते म्हणत व लिहीत. १९५६ साली ख्रिस्तियाँ दिओर यांच्या पेढीसाठी त्यांनी केलेला ‘दिओरिसिमो’ हा ह्या विचाराचा पहिला पुरावा होय. ‘म्युगे’ नावाच्या लहान पांढऱ्या फुलापासून उपयोगी तेल काढता येत नाही. रुदनित्स्कांनी ती फुले आपल्या बागेत लावली, ती जमिनीलगत वाकून हुंगली आणि दुसऱ्या द्रव्यांतून त्यांचा भास उभा केला. सुगंधकाराचे नाक ही एक देणगी असते अशी समजूत आहे. रुदनित्स्कांच्या चरित्रावरून दिसते ते एवढेच, की ती एक सवय असते व तिच्यासाठी पुष्कळ वर्षे लागतात.

एवढे करूनही पुरुषांच्या ताज्या सुगंधाचा प्रश्न शिल्लक होता. त्याचे उत्तर बागेतून आले नाही. ते जिनेव्हातील एका प्रयोगशाळेतून आले.

चमेलीच्या फुलातून निघालेला धागा

ग्रासच्या परिसरात जी चमेली लावतात तीच आपल्याकडची चमेली. पहाटे खुडलेल्या सहा-सातशे किलोग्रॅम फुलांपासून जेमतेम एक किलोग्रॅम शुद्ध अर्क मिळतो. (आज हा अर्क मुख्यतः ईजिप्त व भारत ह्या देशांतून जगाला पुरविला जातो, तामिळनाडूत त्याचे कारखाने आहेत.) त्या अर्कातील मोठ्या प्रमाणावरचे घटक केव्हाच ओळखले गेले होते. परंतु ते एकत्र मिसळले तरी चमेली होत नसे. काहीतरी राहून जात होते.

जिनेव्हाच्या फर्मेनिश ह्या उद्योगसंस्थेतील रसायनज्ञ एद्वार दमोल यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्या राहून गेलेल्या भागाचा पाठपुरावा केला. त्यांना मिथाइल जॅस्मोनेट हे संयुग सापडले. लेदेरे व मेर्सिए यांच्यासह त्यांनी त्याची रचना १९६२ साली प्रसिद्ध केली. ते अर्कात थोडे असले तरी फुलाच्या वासाला त्यामुळेच जिवंतपणा येतो. ते मोठ्या प्रमाणात तयार करणे मात्र अवघड होते. तेव्हा त्याचेच एक सोपे रूप बनविण्यात आले. रेणूच्या शेपटीत कार्बनाच्या दोन अणूंमध्ये जो दुहेरी बंध असतो तो काढून तेथे हायड्रोजनाचे दोन अणू बसविले म्हणजे मिथाइल डायहायड्रोजॅस्मोनेट मिळते. व्यापारात ह्या द्रव्याचे नाव ‘हेडिओन’ असे पडले. आनंद ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे.

हेडिओन एकटे हुंगले तर मनुष्याची निराशाच होते. वास इतका मंद, की पट्टीवर द्रव्य घेतले आहे की नाही अशी शंका यावी. किंचित चमेली, किंचित लिंबू, आणि बरीचशी मोकळी हवा, असे त्याचे वर्णन करता येईल. परंतु त्याचा रेणुभार पाहा : तो २२६ आहे, म्हणजे वाळ्याच्या घटकांहूनही किंचित अधिक. वजनाने हा रेणू तळाच्या पंगतीतला, पण वासाने माथ्याशी नाते सांगणारा. अशी जोडी निसर्गात क्वचित सापडते. लिंबाच्या तेलाचे रेणू उडून गेल्यावरही हेडिओन मागे राहते आणि लिंबू नुकतेच येथून गेले असा भास नाकाला होत राहतो. शिवाय ते दुसऱ्या द्रव्यांना दाबून टाकीत नाही, त्यांच्यामध्ये जागा करून देते. सुगंधकार ह्यालाच मिश्रणात हवा खेळणे असे म्हणतात. हे शब्द काव्यमय वाटले तरी ज्याने हेडिओन घातलेले व न घातलेले असे दोन नमुने शेजारी ठेवून हुंगले आहेत त्याला ते अतिशयोक्त वाटणार नाहीत.

ह्या रेणूविषयी आणखी एक गमतीची गोष्ट आहे. त्याचे अणू त्याच क्रमाने जोडलेले असूनही अवकाशात त्यांची मांडणी चार प्रकारांनी होऊ शकते. डावा व उजवा हात सारखे असूनही एकमेकांवर चपखल बसत नाहीत, तसेच हे. ह्या चारांपैकी एकाच प्रकाराला खरा वास आहे, आणि कारखान्यातील साध्या पद्धतीने केलेल्या द्रव्यात तोच सर्वांत थोडा असतो. म्हणजे बाटलीत ओतलेल्या हेडिओनचा मोठा भाग जवळजवळ मुकाच असतो. इच्छित प्रकाराचे प्रमाण वाढविण्याच्या पद्धती पुढे निघाल्या.

‘ओ सोवाज’

१९६६ साली दिओरच्या पेढीने रुदनित्स्कांनी रचलेले ‘ओ सोवाज’ विक्रीस आणले. नावाचा अर्थ ‘रानटी पाणी’ असा होतो. इतक्या सभ्य सुगंधास हे नाव कोणी व का दिले असेल, याचे आश्चर्य वाटते. हेडिओनचा ठळक उपयोग केलेला पहिला प्रसिद्ध सुगंध तो हाच. त्याचे प्रमाण पुढील काळातील अत्तरांच्या मानाने थोडेच होते.

वरकरणी त्याची बांधणी जुन्या कोलोनचीच आहे : लिंबू, बर्गमोट, रोझमेरी. त्यात सब्जाच्या कुळातील बेसिल व शहाजिरे यांची एक हिरवी, किंचित तिखट छटा येते. तळाशी वाळा व ओकमॉस आहेत, पण ते पुढे येत नाहीत. कोरड्या लाकडासारखे व ओलसर मातीसारखे मागे उभे राहतात. ह्या दोन टोकांच्या मध्ये, जेथे पूर्वी गोड गाभा भरला जाई, तेथे हेडिओनची मोकळी जागा आहे. म्हणून माथा संपून तळ सुरू झाला असा जोड कोठे जाणवत नाही. लावल्यापासून कित्येक तासांनी वास मंदावलेला असतो, पण बदललेला नसतो. आमच्या मते ह्या सुगंधाचे सारे वैशिष्ट्य ह्यातच आहे. सौम्यपणा आणावयाचा म्हणजे जड अत्तरात पाणी वाढवावयाचे, ही समजूत ह्या रचनेने खोटी पाडली. द्रव्य कमी घातल्याने वास फिका होतो; सौम्य होण्यासाठी मुळात न ओरडणारे द्रव्य लागते.

पुरुषांसाठी म्हणून केलेले हे पाणी स्त्रियाही वापरू लागल्या, हेही नमूद करण्यासारखे आहे. १९७२ साली रुदनित्स्कांनी त्याच धर्तीवर स्त्रियांसाठी ‘दिओरेला’ केले. १९७६ साली ग्रासमध्येच वाढलेल्या झाँ-क्लोद एलेना ह्या तरुण सुगंधकाराने ‘फर्स्ट’ ह्या अत्तरात हेडिओनचे प्रमाण पुष्कळ वाढविले, आणि त्यानंतर ते जवळजवळ सर्वत्र शिरले. सायक्लोपेंटॅनोन व पेंटॅनाल ह्या साध्या रसायनांपासून ते स्वस्तात तयार होऊ लागले, हे त्याचे मोठे कारण. २०१५ साली दिओरने नुसत्या ‘सोवाज’ नावाचे एक नवे अत्तर काढले. नावावरून गैरसमज होऊ नये : ते प्रकृतीने अगदी निराळे, दुरूनच आपली वर्दी देणारे आहे.

नाकाचा थकवा

मंद सुगंधाची आवश्यकता समजण्यासाठी नाकाची एक सवय ठाऊक असावयास हवी. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत नाक त्याकडे दुर्लक्ष करू लागते. स्वयंपाकघरातील फोडणीचा वास तेथेच बसलेल्याला जाणवत नाही, बाहेरून येणाऱ्याला जाणवतो. उग्र अत्तर लावणाऱ्याचे असेच होते. आपल्याला वास येत नाही म्हणून तो आणखी लावतो, आणि आगगाडीच्या डब्यातील सहप्रवाशांना त्याची शिक्षा होते. मंद सुगंध हालचालीबरोबर, अंगाच्या उष्णतेबरोबर अधूनमधून वर येतो व जातो. त्यामुळे नाकाला त्याची सवय लागण्याआधीच तो थोडा दूर झालेला असतो.

नाकाच्या कार्यपद्धतीचा उलगडा अलीकडचा आहे. लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राही प्रथिनांच्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधून काढले व त्यासाठी त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे चारशे जनुके कार्यक्षम असतात, आणि ती सर्वांत सारखी नसतात. काही माणसांना कस्तुरीसारख्या मोठ्या रेणूंचा वासच येत नाही, त्याचे कारण हेच. २०१५ साली जर्मनीतील संशोधकांनी हेडिओन हे मानवी नाकातील एका विशिष्ट ग्राहकास उत्तेजित करते असे दाखविले. त्यावरून वृत्तपत्रांनी आकर्षणाचे रसायन सापडल्याची हाकाटी केली; मूळ संशोधनातून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही.

त्यापेक्षा हेडिओनच्या मूळ रेणूची, म्हणजे मिथाइल जॅस्मोनेटची, हकीकत अधिक विलक्षण आहे. १९९० साली अमेरिकेतील फार्मर व रायन यांनी असे दाखविले, की एका झुडपातून हवेत सुटलेले हे द्रव्य शेजारच्या टोमॅटोच्या रोपांपर्यंत पोहोचले तर ती रोपे किडींच्या पचनास बाधा आणणारी प्रथिने तयार करू लागतात. माणसाने ज्याला सुगंध म्हणून निवडले ती वनस्पतींची एक सूचना होती.

बदलते घटक

१९६६ साली कुपीत जे होते तेच आज तिच्यात असेल असे समजू नये. बर्गमोटच्या सालीत बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते. ते अंगावर असताना ऊन लागले तर त्वचेवर भाजल्यासारखे डाग उठतात. म्हणून ते काढून टाकलेले तेल वापरण्याची रीत पडली. ओकमॉसमधील अ‍ॅट्रॅनॉल व क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल ह्या दोन घटकांमुळे काही लोकांना तीव्र त्वचारोग होतो असे आढळल्यावर युरोपीय संघाने २०१७ साली त्यांच्यावर बंदी घातली. नैसर्गिक कस्तुरी तर त्याहून आधीच गेली : आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने कस्तुरीमृगास संरक्षण दिले आहे. ह्या निर्बंधांविषयी जुन्या सुगंधांचे चाहते तक्रार करतात. एका अत्तरासाठी कोणाची त्वचा जावी किंवा एखादे हरीण मारले जावे, असे मात्र त्यांच्यापैकीही फारसे कोणी म्हणणार नाही.

तरीही प्रश्न उरतोच. घटक बदलले, कृती बदलली, नाव मात्र तेच राहिले, तर सुगंध तोच म्हणावा काय? सुगंध ही चित्र किंवा संगीताप्रमाणे कला आहे असे रुदनित्स्का आयुष्यभर सांगत आले. १९९६ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, जून २००६ मध्ये, फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सुगंध हे केवळ कौशल्याचे फळ असल्याने त्यास लेखकाचा हक्क लागू होत नाही असा निर्णय दिला. त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका उलट निर्णय दिला.

पॅरिसजवळच्या व्हर्साय येथे १९९० साली ‘ओस्मोतेक’ नावाचे सुगंधांचे संग्रहालय सुरू झाले. जुन्या सुगंधांच्या मूळ कृती मिळवून त्यांप्रमाणे तेथे नमुने तयार करतात. हवेतील ऑक्सिजनाने ते बिघडू नयेत म्हणून बाटल्यांत आर्गॉन वायू भरतात आणि त्या अंधारात, १२ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. येणाऱ्याला बाटली हाती मिळत नाही. द्रवात बुडविलेली कागदाची एक पट्टी हुंगावयास दिली जाते.